उडणारा माणूस खरा केव्हा वाटतो?

परवाची गोष्ट. मधल्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर सहावी-सातवीची चार पोरे डबे खाता खाता तावातावाने भांडत होती. भांडण कशावरून, तर कोळीमाणसावरून. कोळीमाणूस म्हणजे स्पायडर-मॅन. हा कोळी मासे धरणारा नव्हे बरं का! जाळे दोघांजवळही असते. पण हा भिंतीवर सरसर चढतो नि जाळ्याच्या धाग्याला लोंबकळत अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातून फिरतो. पोरांनी त्याचे दोन चित्रपट टीव्हीवर लागोपाठ पाहिले होते. मला पाहताच त्यातला एक म्हणाला, "गुरुजी, नट तोच, कपडे तेच, मारामाऱ्या तर उलट जास्त. मग आधीचा सिनेमा पुन्हा बघावासा वाटतो, आणि नंतरचा बघताना मधेच उठावंसं वाटतं. असं का?"

प्रश्न नेमका होता. "उद्या सांगतो" म्हणून मी वेळ मारून नेली. मास्तरांचा हा जुना उपाय तुम्हाला ठाऊक आहेच. मग घरी येऊन विचार केला, काही जुने चित्रपट पुन्हा पाहिले, आणि त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो आहे.

आता कोणी म्हणेल, हे पोरांचे चित्रपट. त्यावर वडीलधाऱ्यांनी कशाला बोलावे? पण अचाट बळाच्या गोष्टी आपल्याला काही नवीन नाहीत. मारुतीने समुद्र ओलांडला, द्रोणागिरी उचलला, हे ऐकतच आपण वाढलो. ज्यांना इंग्रजीत सुपरहिरो म्हणतात ते मात्र अलीकडच्या काळातले. त्यांतला आद्य म्हणावा असा सुपरमॅन १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स' या अमेरिकन चित्रकथांच्या मासिकाच्या पहिल्या अंकात अवतरला. जेरी सीगल याने तो लिहिला, जो शुस्टर याने तो काढला. दोघेही बाहेरदेशांतून आलेल्या ज्यू कुटुंबांतले तरुण. त्या पात्राचे सगळे हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरला विकून टाकले. त्यांच्या सुपरमॅनने जगभर अन्यायाशी झुंज घेतली, आणि ते दोघे मात्र कित्येक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिले. पुढे १९७५ साली, सुपरमॅनचा मोठा चित्रपट निघायच्या वेळी, लोकांनी आवाज उठवला. तेव्हा कुठे मालक कंपनीने त्यांना वर्षाला २०,००० डॉलर तनखा आणि निर्माते म्हणून नावाचा मान देऊ केला.

त्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उडत नव्हता, हे ऐकून पोरांना नवल वाटते. तो नुसती लांब उडी मारी. उडीही मोजून दिलेली होती, मैलाचा आठवा हिस्सा. म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने बरोबर एक फर्लांग! तो मोकळा उडू लागला तो नंतर. आणि त्याच्या कथेत मोलाची भर कोणी घातली असेल, तर ती रेडिओने. १९४० साली अमेरिकेत सुपरमॅनची श्रुतिका सुरू झाली. रेडिओवर ना पोशाख दिसतो, ना उड्डाण. बड कॉलियर नावाचा कलावंत एवढेच करी की साध्या वार्ताहराचे बोलणे जरा चढ्या, पातळ आवाजात बोले, आणि सुपरमॅन व्हायच्या क्षणी आवाज एकदम खर्जात नेई. तेवढ्यावर पोरांना आकाश दिसे. १९४३ साली याच श्रुतिकेत क्रिप्टोनाइट नावाचा एक दगड आला. सुपरमॅनच्या नाश पावलेल्या ग्रहाचा तो तुकडा. तो जवळ आला की सुपरमॅनची शक्ती ओसरते. ही युक्ती चित्रकथांनी नंतर उचलली. कशालाच न हरणाऱ्या माणसाची गोष्ट रोज किती दिवस सांगणार? त्याला कुठेतरी हरता यायला हवे, हे रेडिओवाल्यांना चांगलेच उमगले होते.

आपल्याकडच्या वडीलधाऱ्या श्रोत्यांना 'इंद्रजाल कॉमिक्स' आठवत असेल. १९६४ साली ते निघाले, मराठीतही आले. त्यातला मुखवटा घातलेला वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम. वेताळाला ना उडता येई, ना त्याच्या अंगावर गोळी बोथट होई. तो मर्त्य माणूसच. एक मेला की त्याचा मुलगा तोच पोशाख चढवी, आणि लोकांना वाटे, वेताळ अमर आहे. आपण त्याच्यावर जीव टाकला तो त्याच्या बळासाठी, की बापाने घेतलेले व्रत मुलगा मोडत नाही यासाठी? हा प्रश्न मनात असू द्या, म्हणजे पुढचे लवकर पटेल.

पोराचा प्रश्न होता, नट तोच, कपडे तेच, मग फरक कशाने पडला? तेव्हा आपणही ज्यांत नट नि नायक एकच आहेत अशाच जोड्या पाहू. शेतावर तुलना करायची तर बियाणे नि जमीन एकच ठेवून बाकीचे बदलून बघतो, तसे.

पहिली जोडी सुपरमॅनची. १९७८ साली रिचर्ड डॉनर या दिग्दर्शकाचा 'सुपरमॅन' आला. नायक क्रिस्तोफर रीव्ह. हा त्या वेळी फारसा कोणाला माहीत नसलेला नट. चित्रपटाच्या जाहिरातीत वचन दिले होते की, माणूस उडू शकतो यावर तुमचा विश्वास बसेल. डॉनर यांनी कचेरीत एक भलामोठा इंग्रजी शब्द लिहून लावला होता. त्याचा अर्थ, खरे वाटणे. गोष्ट कितीही अशक्य असो, ती सांगताना आपण हसायचे नाही, ती खरी मानूनच सांगायची, असा त्यांचा आग्रह.

या चित्रपटात निळा-तांबडा पोशाख दिसायला सुमारे पाऊण तास लागतो. मग तोवर काय दाखवले आहे? एक ग्रह नष्ट होतो. आईबाप आपले तान्हे बाळ एका यानात घालून पृथ्वीकडे धाडतात. ते अमेरिकेतल्या कॅन्सस प्रांतात, एका मूलबाळ नसलेल्या शेतकरी जोडप्याला सापडते. पोर वाढते, अंगात अफाट बळ येते, पण बाप सांगतो, ते मिरवायचे नाही. आणि एक दिवस हा पाळणारा बाप घराच्या अंगणातच हृदय बंद पडून कोसळतो. दफनविधीच्या वेळी पोरगा आईजवळ म्हणतो ते असे की, माझ्याजवळ एवढे सगळे बळ होते, तरी मी त्यांना वाचवू शकलो नाही. मग गव्हाच्या उभ्या पिकात आईचा निरोप घेऊन तो घर सोडतो.

श्रोतेहो, चित्रपटाचा पाया इथे घातला गेला. पुढे तो हेलिकॉप्टर झेलतो, विमान सावरतो, ते सगळे आपण आनंदाने मान्य करतो. कारण त्याच्या हातून काय निसटले आहे हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या गावच्या देवळात मी एका बुवांचे कीर्तन ऐकले होते. मारुतीचे उड्डाण त्यांनी दोन मिनिटांत आटोपले. पण त्याआधी समुद्रकाठी हताश बसलेले वानर, आपलेच बळ विसरलेला मारुती, आणि त्याला ते आठवून देणारा जांबवंत, यात त्यांनी अर्धा तास घालवला. उड्डाणाला टाळ्या पडल्या त्या या अर्ध्या तासामुळे.

रीव्हचेही तसेच. एका प्रसंगी तो साध्या वार्ताहराच्या वेषात, खांदे पाडून, चष्मा लावून उभा असतो. नायिका आत गेली आहे. आपले खरे रूप तिला सांगून टाकावे असे त्याच्या मनात येते. तो चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज खाली नेतो, आणि डोळ्यांदेखत माणूस बदलतो. मग धीर होत नाही. पुन्हा खांदे पडतात, चष्मा चढतो. यात एका पैशाचे यंत्र नाही. रेडिओवरच्या कॉलियरची तीच विद्या, आता अंगभर आलेली. उड्डाणाच्या दृश्यांसाठी या चित्रपटाला ऑस्करचा खास पुरस्कार मिळाला. पण मला विचाराल तर माणूस उडतो यावरचा विश्वास या चष्म्याच्या प्रसंगात बसतो.

चित्रपट निर्दोष आहे असेही नाही. शेवटी मेलेल्या नायिकेसाठी तो पृथ्वीभोवती गरगर फिरून काळच मागे नेतो, ते अनेकांना आजही पटत नाही. पण आधीची दोन तासांची पुण्याई गाठीला असल्याने प्रेक्षक तेवढे पदरात घेतात.

आता १९८७ चा चौथा 'सुपरमॅन' पाहा. नट तोच रीव्ह. विषय तर फार मोठा. एक शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो की, जगातली अण्वस्त्रे नाहीशी कर. कथा रचण्यात रीव्हचा स्वतःचा हात होता, आणि त्याची तळमळ खरी होती. पण निर्मात्यांनी खर्चाला ऐन वेळी कात्री लावून तो जवळजवळ निम्म्यावर आणला. न्यूयॉर्क म्हणून इंग्लंडमधले मिल्टन कीन्स हे गाव दाखवले. उडण्याचे एकच चित्र फिरून फिरून वापरले.

तुम्ही म्हणाल, पैसाच नव्हता, त्याला कोण काय करणार? थोडे खरे आहे. पण दुखणे तेवढेच नव्हते. या चित्रपटात चीनची भिंत पडते, आणि सुपरमॅन नुसते टक लावून पाहतो तशा विटा परत जागेवर बसतात. ही शक्ती त्याला कधी मिळाली? कोणी दिली? सांगितलेले नाही. एक बाई थेट अंतराळात नेली जाते. तिथे हवा नाही, तरी ती बिनघोर श्वास घेते. सहावीतले पोरही हे पकडते. पहिल्या चित्रपटात हाच नायक बापाला वाचवू शकला नव्हता. इथे त्याला न जमणारे असे काही उरलेच नाही, आणि म्हणून त्याची काळजीही उरली नाही. चित्रपट पडला, तो असा की पुढचा सुपरमॅन पडद्यावर यायला २००६ साल उजाडले.

आता दुसरी जोडी, आमच्या पोरांची. सॅम रेमी या दिग्दर्शकाचे तीन 'स्पायडर-मॅन', २००२, २००४ आणि २००७ सालचे. तिन्हींत नायक टोबी मॅग्वायर. मूळ पात्र स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचे, १९६२ सालचे. पीटर पार्कर हा आईबाप नसलेला पोरगा काका-काकूंकडे वाढतो. कोळी चावून त्याला शक्ती येते. एका चोराला अडवणे सहज शक्य असताना 'मला काय त्याचे' म्हणून तो त्याला जाऊ देतो. आणि पुढे काका मारले जातात ते त्या चोराला मोकळे सोडल्यामुळे. त्या दिवसापासून ही टोचणी पीटरच्या उराशी आहे.

२००४ च्या दुसऱ्या चित्रपटात हा जगाला वाचवणारा वीर खोलीचे भाडे थकवतो. पिझ्झा पोचवायच्या नोकरीवरून त्याला काढून टाकतात. अभ्यास मागे पडतो, प्रेम हातचे जाते. वैतागून तो पोशाख कचऱ्यात टाकतो. शक्तीही ओसरते. तेवढ्यात एका पेटलेल्या घरात लहान मूल अडकल्याचे कळते, आणि शक्ती नसतानाही तो आत शिरतो. काकूपुढे बसून काकांच्या मरणातला आपला दोष कबूल करतो. ती हात मागे घेते, काही न बोलता आत निघून जाते. या दृश्यात ना उडी आहे ना धक्का, पण चित्रपटगृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी.

पुढे धावती आगगाडी तो जाळ्याच्या धाग्यांनी, अंगच्या सगळ्या बळाने थांबवतो आणि बेशुद्ध पडतो. मुखवटा निघालेला. गाडीतले लोक त्याला हातांवर उचलून अलगद आत घेतात. पाहतात तर काय, हा तर कोवळा पोरगा! मग तेच त्याचा मुखवटा परत करतात आणि कोणाला सांगणार नाही असा शब्द देतात. इतका वेळ ज्याने लोकांना सावरले, त्याला लोकांनी सावरले.

तिसऱ्या चित्रपटाला पैशाची ददात नव्हती. खलनायक एक नव्हे, तीन. वाळूचा माणूस, काळा व्हेनम, आणि सूडाने पेटलेला मित्र. त्यातला व्हेनम दिग्दर्शकाच्या मनात नव्हता. प्रेक्षकांना तो हवा आहे म्हणून निर्मात्याच्या आग्रहाने तो आत आला. काही वर्षांनी रेमी यांनीच मोकळेपणी कबूल केले की, त्यातल्या सगळ्या पात्रांवर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता. सांगणाऱ्याचाच विश्वास नसेल, तर ऐकणाऱ्याचा कुठून बसणार?

पण सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे, आणि ती पोरांच्या लक्षात आली नव्हती, नुसती जाणवली होती. या तिसऱ्या चित्रपटात एकदम सांगितले जाते की, काकांवर गोळी झाडली ती त्या चोराने नव्हेच, वाळूच्या माणसाने. म्हणजे ज्या टोचणीवर आधीचे दोन चित्रपट उभे, तिचेच वजन कमी केले. विहिरीतला झराच बुजवला. मग मोटा कितीही जोडा.

इथे एक आकडा सांगतो, कारण गल्ला आणि समाधान यांत आपण गल्लत करतो. दुसऱ्या चित्रपटाने जगभरात सुमारे ७९ कोटी डॉलर मिळवले. तिसऱ्याने ८९ कोटींच्या वर. म्हणजे न आवडलेल्या चित्रपटाची कमाई जास्त! हे कसे? तिकीट आपण चित्रपट पाहण्याआधी काढतो, नंतर नव्हे. तिसऱ्याला झालेल्या गर्दीत मोठा वाटा आधीच्या दोघांच्या नावाचा होता. पेढ्यांचे दुकान बापाच्या नावावर काही दिवस चालतेच.

काही जण म्हणतात, मूळ चित्रकथेला इमान राखले की चित्रपट चांगला होतो. हेही पुरते खरे नाही. मूळ कथेत पीटर मनगटावर स्वतः तयार केलेले यंत्र बांधतो, त्यातून जाळे सुटते. रेमी यांनी ते यंत्र काढले आणि जाळे थेट मनगटातून सोडले. यावर जुन्या वाचकांनी आधी खूप आरडाओरड केली. चित्रपट आला, आणि बहुतेकांनी ते पत्करले. काकांच्या मरणातला दोष ढिला केला, ते मात्र पत्करले नाही. कीर्तनकार नवे दाखले देतो, मधेच आजची गोष्ट सांगतो, ते आपल्याला चालते; पण हरिश्चंद्राने शब्द मोडला असे सांगून पाहा बरे, मंडप रिकामा होईल.

आणखी एक मासला देतो आणि आवरते घेतो. २०१७ साली सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन अशा अनेकांना एकत्र आणणारा 'जस्टिस लीग' आला. मूळ दिग्दर्शक झॅक स्नायडर यांना घरातल्या दुःखामुळे काम सोडावे लागले. दुसऱ्या दिग्दर्शकाने येऊन बरेच भाग नव्याने चित्रित केले. तोवर सुपरमॅनचे काम करणाऱ्या हेन्री कॅव्हिल या नटाने दुसऱ्या एका चित्रपटासाठी मिशी राखली होती, आणि ती काढायला तिकडून परवानगी नव्हती. मग काय, संगणकाने मिशी पुसली! सुपरमॅन आला तो वरचा ओठ चमत्कारिक दिसणारा. आपल्याकडे मिशीला पीळ देतात. तिथे मिशीनेच अख्ख्या चित्रपटाला पीळ दिला. पुढे २०२१ साली मूळ दिग्दर्शकाच्या मनातली आवृत्ती बाहेर आली. ती चार तासांची आहे, तरी पुष्कळांना ती अधिक भावली. कारण लांब का असेना, ती एका माणसाने एका मनाने सांगितलेली गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मी पोरांना उत्तर दिले नाही. उलट एक प्रश्न विचारला. "दुसऱ्या सिनेमात त्याने काय काय गमावलं, ते मोजा." त्यांनी भराभर सांगितले, नोकरी, खोलीचं भाडं, मैत्रीण, शक्ती, काकूचा विश्वास. "आता तिसऱ्यात?" पोरे थोडी थांबली. मित्र गमावला, हे एकाला आठवले. ते खरेच होते, आणि तिसऱ्यातला तेवढाच भाग सर्वांना आवडला होता. मग तो प्रश्न विचारणारा पोरगा म्हणाला, "म्हणजे गुरुजी, मारामारी किती आहे ते बघायचं नाही, त्याला काय पडलं ते बघायचं." मला जे सांगायला एवढे मोठे भाषण लागले, ते त्याने एका वाक्यात सांगून टाकले.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. हे चित्रपट आता आपल्या मुलांपासून लांब राहिलेले नाहीत. २०२३ साली स्पायडर-मॅनचा एक व्यंगपटासारखा रेखाटलेला चित्रपट भारतात दहा भाषांत आला, त्यांत मराठीही होती. आणि त्यात मुंबई नि मॅनहॅटन यांची सरमिसळ केलेल्या शहरातला पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय कोळीमाणूसही होता. तेव्हा 'बघू नका' म्हणून भागणार नाही. मुलांनी चित्रपट पाहिला की त्यांना तीन गोष्टी विचारा. याला काय जमत नाही? याने काय गमावले? आणि जमत असूनही याने काय केले नाही? तिन्हींची उत्तरे देता आली तर चित्रपट चांगला होता असे खुशाल समजा. देता आली नाहीत, तर नुसता आवाज झाला.

कारण मूल चित्रपटातून बळ घेऊन येत नाही. बळ वापरावे कसे, याची कल्पना घेऊन येते. वर्गातल्या दांडग्या पोराला गरिबाची पाटी हिसकावणे सहज जमते. ते जमत असून तो करत नाही, हे त्याने कुठून तरी शिकलेले असते. आईकडून, कीर्तनातून, कदाचित एखाद्या चांगल्या चित्रपटातूनही.

आमच्या ओट्यावरचा वाद आता मिटला आहे. म्हणजे कोळीमाणसाचा मिटला. बॅटमॅनचा कालपासून सुरू झाला आहे.